अकरा बायांची गाडी

"नुसता हात टेकवून चालू नका गं, जोर लावा की!" सोजरबाई ओरडली.

आम्ही दहा बाया आणि अकरावी ती. मागच्या काचेला, दाराला, जिथं हात पुरेल तिथं हात लावून गाडी ढकलत होतो. भाकरीची फडकी गाडीत, कात्र्या गाडीत, सोजरबाईचा नवरा कुंडलिक स्टेरिंगवर आणि आम्ही रस्त्यावर. डिसेंबरची थंडी, तरी पाठीवरनं घाम निथळत होता. शाळेच्या उतारापर्यंत नेली तेव्हा कुठं गाडीनं दोन आचके दिले, काळा धूर आमच्या तोंडावर सोडला आणि एकदाची चालू झाली.

"बसा, बसा बिगी बिगी! थांबिवली की बंद पडंल!" कुंडलिक आतनं ओरडला.

चालत्या गाडीत लुगडं सावरत आम्ही एकेक करून चढलो. चढायची सवयच झाली होती.

सोजरबाई माझी शेजारीण. तिच्या नि माझ्या घरात एकच भिंत. द्राक्षबागेत काम करणाऱ्या आमच्या टोळीची ती मुकादम. वैरागच्या पलीकडं रावजींची सहा एकर बाग, आमच्या गावापासनं चौदा किलोमीटर. आधी आम्ही भाड्याच्या टमटमनं जायचो. टमटमवाल्याच्या मनाला आलं तर यायचा, न्हाय आलं तर आमचा रोज बुडायचा. कुंडलिक दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचा, हात बसलेला होता. मागच्या दिवाळीच्या आदल्या दिवाळीला दोघांनी दोन म्हशी विकल्या, सोजरबाईनं पाच वर्षं साठवलेलं मोकळं केलं आणि सोलापुरातनं एका बिल्डरची दहा वर्षं वापरलेली ही पांढरी दांडगी गाडी आणली. पावणेतीन लाखाला. बायांचं भाडंही घरात येईल आणि वेळेवर कामालाही जाता येईल, हा हिशोब.

दलाल म्हणाला होता, "ही गाडी कधी गॅरेजला गेली न्हाय."

कुंडलिकनं हे वाक्य गावभर सांगितलं. पुढं वैरागच्या सिद्धप्पा मिस्त्रीला सांगितलं तेव्हा तो हसला. तो मूळचा अक्कलकोटकडचा, कानडी वळणानं बोलायचा. म्हणाला, "गॅरेजला गेली न्हाय, खरं हाय की. म्हणून तर अशी झालीय."

पहिल्याच महिन्यात क्लच प्लेट गेली. मग स्टार्टर. मग मागचे स्प्रिंगचे पाटे बसले. ते तर बसणारच, नऊ माणसांच्या गाडीत आम्ही बारा कोंबलेलो. मग दोन टायर. दर वेळी कुंडलिक म्हणायचा, "आता येवढं केलं की वरीसभर बघाय नको." महिना जात न्हाय तोवर परत बॉनेट वर. शनिवारी पगार हातात पडला की सोजरबाई दुकानात जायच्या आधी सिद्धप्पाकडं जायची. तिच्या पायातली चप्पल तीनदा शिवलेली होती, पण गाडीला नवीन टायर होते.

एकदा भिंतीपलीकडनं मला म्हणाली, "म्हस आजारी पडायची, पर त्येच्या आधी दूध तरी द्यायची गं."

त्या डिसेंबरच्या सकाळीही असंच झालं. वैराग ओलांडून चार किलोमीटर गेलो नि बॉनेटखालनं वाफ फुसफुसायला लागली. गरमीच्या काट्यानं लाल रेघ कधीच ओलांडली होती. कुंडलिकनं गाडी कडेला घेतली. तेवढ्यात रावजींचा फोन.

"सोजरबाई, कुटं हाईसा? मणी फुगाय लागल्यात. येळंत इरळणी झाली न्हाय तर घड हातचा जाईल. जमत नसंल तर सांगा, दुसरी टोळी बगतो."

"आलोच की मालक," असं म्हणून तिनं फोन बंद केला आणि आमच्याकडं बघितलं. फडकी काढली, कात्र्या काढल्या नि चालायला लागलो. सहा किलोमीटर. बागेत पोचलो तर नऊ वाजून गेलेले. रावजींनी अर्ध्या दिवसाची हजेरी लावली. घडातले बारके मणी कातरीनं वेचून काढायचं काम, मान दिवसभर वर करून. त्या दिवशी सोजरबाईची मान वर होती, पण डोळे मिटत होते. दोनदा तिनं मण्याऐवजी घडाची शेंडीच कापली.

संध्याकाळी आम्ही दोघी परस्पर सिद्धप्पाकडं गेलो, कुंडलिकनं गाडी ओढून तिथं आणली होती. त्यानं तेलाचं झाकण काढून दाखवलं. आतलं तेल दुधाच्या चहासारखं झालेलं.

"पाणी शिरलं बघ अक्का आत. इंजन उघडावं लागतंय. पन्नास-साठ हजार जातंय."

"आन तेवढं घातलं म्हंजे?"

सिद्धप्पानं झाकण परत बसवलं. हात पुसत म्हणाला, "तेवढं घातलं म्हंजे इंजन चालतंय. मग गिअरबॉक्स हाय."

सोजरबाई तिथंच टायरच्या ढिगावर बसली. कुंडलिक दुसरीकडं तोंड करून उभा होता.

"इकून टाका," ती म्हणाली. "अवं, इकून टाका आता. मला न्हाय निभत."

कुंडलिकनं विकायचं मनावर घेतलं. सिद्धप्पाकडनं रेडिएटरमध्ये कसली पावडर टाकून घेतली, तेल बदललं, बॅटरी चार्ज केली. "पंधरा-ईस दिस काढंल," सिद्धप्पा म्हणाला. गाडी धुऊन पुसून अंगणात उभी केली तर अशी दिसत होती, मलाही वाटलं, उगाच विकतात.

रविवारी अक्कलकोटकडनं गिऱ्हाईक आलं. नवरा-बायको. बायकोचं नाव मायाक्का. काळीसावळी, हातावर गोंदलेलं, बोटाला चिंध्या बांधलेल्या. तिचीही टोळी होती, तूर काढायला जाणारी. नवरा कुंडलिकबरोबर बॉनेट उघडून बघत होता. मायाक्का मागच्या सीटवर जाऊन बसली आणि दोन्ही बाजूला हात पसरून किती बाया मावतील ते मापायला लागली.

"काय काम निघतंय का?" तिच्या नवऱ्यानं विचारलं.

"काय न्हाय," कुंडलिक म्हणाला. "कवा गॅरेजला गेली न्हाय."

मी सोजरबाईकडं बघितलं. तिचं तोंड उतरलं. एक लाख नव्वद हजार ठरत आलं होतं. ती मायाक्काला म्हणाली, "चला बाई, च्या घ्या," आणि तिला आत घेऊन गेली. मी मागोमाग गेले.

सोजरबाईनं स्टोव्हवर आधण ठेवलं. पाठमोरी राहूनच बोलली.

"बाई, ती गाडी घिऊ नका. इंजनात पानी जातंय. आता चालतीया, पंधरा दिसानं चालायची न्हाय. माजा मालक खोटं बोललाय. आमालाबी असंच खोटं सांगून इकली हुती."

मला वाटलं मायाक्का आता उठून आरडाओरडा करणार. ती बसूनच राहिली. चिंधीची गाठ दातानं घट्ट केली.

"ठावं हाय अक्का," ती म्हणाली.

"काय ठावं हाय?"

"असल्या पैशात चांगली गाडी कोण देतंय? तेरा गाड्या बघितलो आमी. समद्या धुऊन ठेवलेल्या. माझ्या मालकाचा भाऊ मिस्त्री हाय, त्यो करतंय घरच्या घरी. परवा ट्रॉलीतनं माझी एक बाई पडली, कंबर मोडली तिची. आता ट्रॉलीत बसत न्हाय म्हणत्यात समद्या." मग सोजरबाईकडं बघून म्हणाली, "खरं सांगणारी तू पयली. तेरा जागी च्या पिलो, कुणी सांगितलं न्हाय."

चहा उतू गेला तरी दोघींचं लक्ष नव्हतं.

बाहेर येऊन मायाक्का नवऱ्याशी कानडीत बोलली. त्यानं कुंडलिककडं बघितलं आणि एक लाख वीस म्हणाला. कुंडलिकनं सोजरबाईकडं बघितलं. काय झालं ते त्याला कळलं. मान खाली घालून त्यानं किल्ली दिली.

तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडनं कुंडलिकचा आवाज ऐकू आला.

"सत्तर हजार तुज्या जिबंनं घालिवलं."

"घालिवलं," सोजरबाई म्हणाली. "तुमी निजत न्हवता वरीसभर. मला दिसत न्हवतं व्हय? सत्तर हजारासाठी त्या गिऱ्हाइकाची झोप घ्यायची हुती व्हय आपल्याला?"



दुसऱ्या दिवशी तिनं रावजींना फोन लावला. मी जवळच होते. आवाज थकलेला, पण सरळ.

"मालक, आमची गाडी गेली. हितनं पुढं टोळी पायजे असंल तर गाडी तुमी धाडायची. आन गाडीमुळं उशीर झाला तर हजेरी पुरी लावायची."

रावजी बराच वेळ बोलत राहिले. ती नुसती "व्हय मालक, व्हय मालक" म्हणत होती. शेवटी म्हणाली, "मग ऱ्हाऊ द्या. मणी थांबत्याल का बगा."

दुपारी रावजींचा फोन आला, दोन्ही गोष्टी कबूल. त्यांच्या मालवाहू पिकअपला ड्रायव्हर नव्हता. कुंडलिकला महिन्याच्या पगारावर घेतलं. पिकअपला वर ताडपत्री, खाली पोती. कॅनॉलजवळचा खड्डा आला की कंबर हलायची. पण वेळेवर जायचो.

जानेवारीत एका सकाळी वैरागच्या अलीकडंच पिकअप घरघरली आणि थांबली. कुंडलिक सवयीनं उडी मारून उतरला, बाही वर केली, बॉनेटला हात घातला. सोजरबाई मागनं खाली उतरली आणि त्याचा हात धरला.

"बसा खाली. आपली न्हाय."

त्यानं बाही खाली केली. मग खिशातनं फोन काढला. "मालक, गाडी बंद पडलीया. व्हय, हितंच, कॅनॉलजवळ. मिस्त्री घिऊन या."

आम्ही बाभळीच्या सावलीला बसलो. कुणी फडकं सोडलं, कुणी पाय पसरले. कुंडलिक जरा येरझाऱ्या घालत राहिला, मग पोत्यावर आडवा झाला. पाच मिनिटांत घोरायला लागला.

रावजी मोटारसायकलवरनं सिद्धप्पाला घेऊन आले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. ते येताच आमच्यातली एक कुंडलिकला हलवायला गेली. सोजरबाईनं तिला मागं ओढलं.

"निजू दे गं," ती म्हणाली. आणि रावजींकडं बघून, "मालक, आज हजेरी पुरी."

रावजी नुसतं "बरं" म्हणाले. सिद्धप्पा बॉनेटमध्ये डोकं घालून त्यांना खर्च सांगत होता.