कोरी उत्तरपत्रिका

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे. बिजौलीच्या एका छोट्या कारखान्यात माझी जुळणी झाली आणि मी झाशीच्या या शाळेत आलो. उत्तरपत्रिकेवरचे भरलेले गोल वाचून गुण द्यायचे, हे माझं काम. गठ्ठेच्या गठ्ठे मी चुटकीसरशी संपवायचो. लोक वाहवा करायचे आणि मी फुगून जायचो.

यंदा आमच्या संस्थेने पाचवीला सगळ्या शाळांत एकच परीक्षा सक्तीची केली. नापास झालं की पुन्हा पाचवीच. मी तर हरखून गेलो. शाळेत मात्र दोन तट पडले. मुख्याध्यापिका आभाजी म्हणत, एकच माप असलं की कोण मागे पडतंय ते कळतं. सुबोध सर म्हणत, एका दिवसाच्या गोलांवर पोराचं वर्ष ठरवू नये. मी अर्थातच आभाजींच्या बाजूचा.

निकाल लागला आणि बकुळला शून्य मिळालं. रेल्वेत नोकरी करणाऱ्या मिलिंदजींची ही मुलगी, वर्गात प्रश्न विचारून सरांना भंडावून सोडणारी. बाप-लेक धावतच शाळेत आले. तिचा कागद पुन्हा माझ्यातून गेला, पुन्हा शून्यच. कोऱ्या कागदाला मी गुण कुठून देऊ?

सुबोध सरांनी कागद उचलला आणि उजेडात धरला.

"मॅडम, ये खाली नहीं है. पूरा लाल पेन से भरा है."

माझा दिवाच लाल, मित्रांनो. त्या उजेडात लाल शाई पांढऱ्या कागदातच मिसळून जाते, मला दिसतच नाही.

"बकुळ, लाल पेन का घेतलंस गं?" मिलिंदजींनी विचारलं.

"आजी श्री लालनेच लिहिते ना, बाबा. शुभ असतं. तो मैंने सब लाल से कर दिया."

नियम काळ्या पेनचा होता. सगळे आभाजींकडे पाहू लागले. त्यांनी चष्मा लावला, तो कागद पुढ्यात ओढला आणि एकेक उत्तर स्वतः तपासलं.

"पास है," त्या म्हणाल्या.

बकुळने अशी उडी मारली की माझं टेबल हललं. हरलो होतो मी, पण इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

परीक्षा बंद झाली नाही, वादही मिटला नाही. पण आता शून्य आलं की आधी माणूस कागद बघतो.

माझी धूळ पुसत जा, मित्रांनो, कामही भरपूर द्या. पुढच्या चाचणीला बकुळने गोल काळ्या पेनने भरले आणि वरच्या कोपऱ्यात लाल शाईने श्री लिहिलं, असं म्हणतात. मला तो कोपरा कोराच दिसला. तेवढा तुम्ही बघत जा.