चाळिसाव्या दिवसाची साक्ष

आष्ट्याच्या त्या चर्चमध्ये दुःखाला मुदत होती चाळीस दिवसांची. तेवढ्यात रडून घ्यायचं आणि मग रविवारच्या उपासनेत उभं राहून 'प्रभूनं शांती दिली' अशी साक्ष द्यायची. नियम कुठं लिहिलेला नव्हता, म्हणून तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

राहीबाईंची लेक अंकिता डेंग्यूनं गेली, त्याला अडतीस दिवस झाले होते. शुक्रवारी सकाळी त्यांचे धाकटे दीर नानासो चहाला आले. चर्चच्या सांत्वन समितीचे प्रमुख तेच. फडताळावर त्यांना सांगलीच्या डॉक्टरांच्या गोळ्या दिसल्या.

"वहिनी, ह्या कशापायी? प्रार्थना कमी पडली व्हय?"

"आवं भावजी, झोप न्हवती. दोनदा हिरीच्या काठावर जाऊन बसले हुते. गोळ्या सुरू केल्यापास्नं पाय तिकडं वळत न्हाईत."

"डॉक्टरवर इस्वास आन देवावर न्हाई?" नानासोंनी गोळ्या खिशात टाकल्या. तिथं त्यांची स्वतःची बीपीच्या गोळ्यांची पट्टी होतीच. तिच्याबद्दल देवाची तक्रार नव्हती. "माजी साक्ष आठवा. माजी लेक बनू गेली, तरी चाळिसाव्या दिवशी हसत उभा ऱ्हायलो."

आठ वर्षं ती साक्ष प्रत्येक दुखवट्याच्या घरी नमुना म्हणून सांगितली जात होती. सांगणारे नानासोच.

रविवारी पाळकांनी नाव पुकारलं. राहीबाई बाकाला धरून उभ्या राहिल्या.

"प्रभू हाय. शांती न्हाई. काल मी पुन्ना हिरीवर गेले हुते. भावजी, माज्या गोळ्या द्या."

मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं सवयीनं 'हालेलुया' म्हटलं आणि जीभ चावली.

नानासो उठले. खिशातून आधी बीपीची पट्टी निघाली, मग वहिनींच्या गोळ्या. गोळ्या त्यांनी वहिनींच्या हातात दिल्या.

"मी खोटं बोललो हुतो," ते म्हणाले. "बनूची चप्पल आजून दाराआड हाय. तिच्याशी बोलल्याबिगर मला कडी लावता येत न्हाई."

समोर त्यांनीच चाळिसाव्या दिवशी हसायला लावलेली सात माणसं बसली होती. नानासोंना एकाच्याही डोळ्यांत बघवेना.

सोमवारी वहिनींना गाडीवर मागं बसवून ते सांगलीला गेले.

"पेशंटचं नाव?" दवाखान्याच्या खिडकीतल्या मुलीनं विचारलं.

"राहीबाई. आन... नानासो."

"काका, नातेवाइकाचं नाव नको."

"नातेवाईक न्हवं, पोरी. दुसरा पेशंट."