योहाननंतरचे तेरा दिवस

"उद्या किती वाजता निघायचं?" नेवेनाने विचारलं आणि लांब टेबलाभोवती बसलेली सगळी माणसं हसायला लागली.

संध्याकाळचे सहा वाजले होते. शेडमध्ये बिअरचं पिंप उघडलं होतं, मालकीणबाईंनी बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज मांडले होते, आणि पांढऱ्या शतावरीच्या कोंभांची शेवटची पेटी रिबिनी बांधून मधोमध ठेवली होती. 'शेवटची पेटी' हे शब्द नेवेनाने दुपारपासून दहादा ऐकले होते, पण तिला वाटलं होतं आजच्या दिवसातली शेवटची.

"उद्या तू एकटीच जा," शेजारी बसलेला ओग्न्येन म्हणाला. तोही सर्बियातलाच, तिच्यासारखाच बेलग्रेडला शिकणारा. "कोंभ वाट बघत असतील, ये बाई आणि काप आम्हाला म्हणून."

"चेष्टा पुरे. नीट सांग."

"अगं, संपलं. आज संत योहानचा दिवस. आजनंतर इथे कोणी सुरी लावत नाही. झाडं वाढू द्यायची, नाहीतर पुढच्या वर्षी वाफ्यात काही उगवायचं नाही. इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं हे."

"पण आज तर चोवीस जून आहे."

"तेच म्हणतोय मी."

"योहान सात जुलैला असतो," नेवेना म्हणाली.

बर्लिनच्या दक्षिणेला जी वालुकामय जमीन आहे, तिथल्या या शेतावर ती मे महिन्यापासून राबत होती. एप्रिलमध्ये मालकीणबाईंनी फोनवर सांगितलं होतं, काम योहानच्या दिवसापर्यंत. तिने हो म्हटलं, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात बघायचीही गरज तिला वाटली नाही. तिमोक नदीकाठच्या तिच्या गावात योहान कधी येतो हे काय कॅलेंडरात बघायचं असतं? तिथलं चर्च जुन्या पंचांगाने चालतं, बाकीच्या जगाच्या तेरा दिवस मागे. नाताळ दोन असतात हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पण संत योहानही दोनदा येत असेल, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नाही. आणि इथे दोन महिने जो तो "योहानपर्यंत, योहानपर्यंत" करत होता, पण तारीख काही कोणी उच्चारली नाही. सगळ्यांनाच माहीत असलेली गोष्ट कोण कशाला बोलेल?

"तुला माहीत होतं?" तिने ओग्न्येनला विचारलं.

"आमच्या गल्लीत अर्धे हंगेरियन. त्यांचा योहान जूनमध्येच असतो." तो ओशाळला. "मला काय माहीत तू दुसराच धरून बसलीयेस. बरं, त्यात एवढं काय? लवकर सुटलीस."

एवढं काय ते तिला पक्कं ठाऊक होतं. आठ जुलैला सकाळी सात वाजता तिला व्हिएन्नाला हजर व्हायचं होतं. घोड्यांच्या एका इस्पितळात तीन आठवड्यांची उमेदवारी. बेलग्रेडच्या पशुवैद्यकाच्या चौथ्या वर्षातून दरसाल एकालाच ती मिळते, आणि पहिल्या दिवशी जो आला नाही त्याची जागा यादीतल्या पुढच्याला जाते. राहण्या-खाण्याची सोय ज्याची त्याने बघायची. दोन महिन्यांत साठलेल्यातून ते तीन आठवडे कसेबसे निघणार होते. पण मधले तेरा दिवस ती कुठे राहणार आणि काय खाणार? घरी जाऊन परत यावं तर साठलेलं सगळं बसवाल्याच्याच खिशात जायचं. दुसरीकडे काम धरावं तर कामाचे कागद याच शेताच्या नावावर. आणि कामगारांच्या खोल्यांना तीन दिवसांनी कुलूप लागणार होतं.

तिने शेडमागे जाऊन आईला फोन लावला.

"आज कसला गं योहान?" आई म्हणाली. "अजून कोणी योहानच्या माळांची फुलं वेचायलासुद्धा गेलेलं नाही. चुकतायत ते लोक."

"आई, अख्खा देश कसा चुकेल?"

"का नाही चुकणार? तू त्यांना नीट सांगून बघ."

नेवेनाला हसू आलं आणि रडूही आलं. तिने फोन ठेवला, तोंड धुतलं आणि पुन्हा टेबलाशी येऊन दोन सॉसेज जास्तीचे खाल्ले. उद्याचं काही खरं नव्हतं.

ओग्न्येन सकाळीच निघाला. त्याला रात्री बसमध्ये झोपत आणि दिवसा गावं बघत समुद्रापर्यंत जायचं होतं. "चल की तूही," तो म्हणाला, "तेरा दिवस पाव आणि मासळीचे डबे खाऊ. मरत नाही त्याने कोणी." ती नको म्हणाली. इस्पितळाच्या दारात झोपेविना, चुरगळलेल्या कपड्यांत जाऊन तिला उभं राहायचं नव्हतं. मग त्याने बॅगेतून कागद काढून व्हिएन्नातल्या आपल्या मावशीचा पत्ता लिहून दिला. "कोच आहे तिच्याकडे. बोलते फार, पण मनाने चांगली आहे."

नेवेना तडक मालकाकडे गेली. केस्लर ट्रॅक्टरखाली आडवा होऊन काहीतरी खोलत होता.

"मालक, मला सात तारखेपर्यंत काम हवंय."

"काम संपलं, मुली."

"वाफ्यांवरचं प्लास्टिक अजून काढायचं आहे ना?"

केस्लर बाहेर आला. शतावरीच्या वाफ्यांवर मोसमभर जाड प्लास्टिक अंथरलेलं असतं, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या कडांच्या पिशव्यांत वाळू भरलेली असते. मोसम सरला की ते ओढून, झटकून, गुंडाळून ठेवायचं. जोडीने करायचं काम, आणि जोडी नेहमी पुरुषांची.

"बायकांना नाही देत मी ते," केस्लर म्हणाला. "कंबर जाते."

"बाई म्हणून देऊ नका. तेरा दिवसांची सोय हवी आहे म्हणून द्या."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "तीन दिवस बघतो. दुपारपर्यंत तीन ओळी झाल्या पाहिजेत. नाहीतर सरळ घरी."

जोडीला मिळाला त्रायान. साठीला टेकलेला रुमानियन, एकोणीस वर्षं इथे येणारा, आणि बोलण्यात महाकंजूस. नेवेनाच्या आजीची व्लाख बोली रुमानियनच्या बहिणीसारखी, त्यामुळे तिला त्याचं बोलणं कळायचं. पहिला तासभर कळण्यासारखं तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, "मला गडी मागितला होता. पोरगी आली."

"त्रायानकाका, मलाही तरणा जोडीदार चालला असता."

तो हसला नाही, पण गुंडाळायच्या यंत्राचा दांडा त्याने स्वतःकडे घेतला आणि ओढायचं काम तिला दिलं. दांड्याला जोर लागतो, ओढायला हात लागतात. पहाटेच्या दवाने वाळू भिजलेली असायची, प्लास्टिक जमिनीला घट्ट बसलेलं असायचं. मालकाने दिलेले हातमोजे पुरुषी मापाचे. ओले झाले की आतल्या आत फिरायचे आणि कड हातातून सुटायची. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत दोनच ओळी झाल्या. केस्लर कडेला उभा राहून ओळी मोजून गेला. दुसऱ्या दिवशी नेवेनाने हातमोजे काढून खिशात घातले.

"मोजे घाल," त्रायान म्हणाला.

"सटकतात."

"सटकू दे."

"आणि मालकांनी हाकललं म्हणजे?"

त्रायानने खांदे उडवले आणि दांडा फिरवला. त्या दिवशी साडेतीन ओळी झाल्या. तिसऱ्या दिवशी चार. खोल्यांना कुलूप लावताना जमा करून घेतलेली तिच्या खोलीची किल्ली केस्लरने तिला परत आणून दिली तेव्हा तिला इतका आनंद झाला की तिने ती उजव्या हातात घट्ट धरली आणि कळवळली. प्लास्टिकच्या कडेने बोटांच्या पेरांवर बारीक चिरा पाडल्या होत्या, आणि प्रत्येक चिरेत वाळू होती.

दुपारच्या सुट्टीत ती ट्रॉलीच्या सावलीत बसून वाचायची. घोड्याच्या आतड्याचा पीळ, त्याची लक्षणं, कुठे कापायचं, कुठे शिवायचं. पानं तिने प्लास्टिकच्या पिशव्यांत घातली होती, कारण वाळू कुठेही शिरायची. त्रायान पाव चावत लांबून बघायचा.

"एवढं घोड्याच्या पोटात काय असतं?" एकदा त्याने विचारलं.

"वीस-पंचवीस मीटर आतडं. आपल्या पाच-सहा ट्रॉल्या एकापुढे एक लावल्या इतकं."

"आणि तू त्यात हात घालणार."

"घालणार. त्यासाठीच तर चाललंय हे सगळं."

त्याने तिच्या हातांकडे बघितलं. संध्याकाळी तिच्या दाराशी एक पत्र्याची डबी होती, गायीच्या सडाला लावायच्या मलमाची. नेवेनाला ते मलम चांगलं ठाऊक होतं. रोज निजताना लावत गेली. पण मलम रात्रभर भरून काढायचं आणि सकाळी पहिली ओळ ते उधळायची. आठव्या दिवशी डाव्या तळव्याची एक चीर लाल झाली, कडा सुजल्या, ठणका लागला. कुत्र्याच्या पायाला असं दिसलं असतं तर तिने त्याच्या मालकाला झापलं असतं, आठवडाभर पाणी लावू नका म्हणून बजावलं असतं. स्वतःच्या हातावर तिने फडकं बांधलं आणि ती शेतात गेली. चुकतंय हे तिला कळत होतं. पण थांबली असती तर चुकायलाही काही उरलं नसतं.

सहा तारखेला संध्याकाळी शेवटची ओळ उचलली गेली. उघडे वाफे नजर पोचेल तिथपर्यंत पसरले होते आणि त्यांतून शतावरीची पिसांसारखी हिरवी पालवी वर यायला लागली होती. केस्लरने तिच्याशी हात मिळवायला हात पुढे केला, तिचे हात पाहिले आणि तिच्या खांद्यावर थोपटलं. "पुढच्या वर्षी ये. योहानची तारीख मी लिहूनच देईन." त्रायानने निरोप घेतला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तिची बॅग मात्र त्याने बसथांब्यापर्यंत नेली, आणि तिने घ्यायला हात पुढे केला तर "गप चाल," म्हणाला.

पहाटेची बस, प्रागपर्यंत चार तास, मग पुढची बस. अख्खं जग जे शहर बघायला येतं, तिथे नेवेनाने फक्त बसस्टँडचं न्हाणीघर पाहिलं. केस धुतले, स्वच्छ शर्ट घातला, फडकं बदललं. ओग्न्येनच्या मावशीने व्हिएन्नात रात्री साडेनऊपर्यंत स्वतःच्या तीन ऑपरेशनांची हकिगत सांगितली आणि सूप दोनदा वाढलं.

आठ तारखेला सातला दहा मिनिटं असताना ती इस्पितळात होती. नाव सापडलं, बिल्ला मिळाला. नशीब असं की त्याच सकाळी आतड्याला पीळ पडलेली एक घोडी आली. इकडेतिकडे धावपळ, वेगवेगळ्या विद्यापीठांतून आलेले सहा उमेदवार हात धुवायच्या नळांपाशी रांगेत, आणि पिकल्या केसांच्या डॉक्टर हाइडलर एकेकाला तपासत पुढे सरकत होत्या.

"फडकं सोडा," त्या नेवेनापाशी थांबून म्हणाल्या.

तिने सोडलं. दोन्ही हात पुढे धरले.

"हे कशाने झालं?"

"कामाने."

डॉक्टरांनी तिचा डावा तळवा दिव्याकडे वळवला. मग सावकाश म्हणाल्या, "या हातांनी तुम्हाला आत येता येणार नाही. हातमोज्यांनी भागत नाही, पू धरलाय. निदान दहा दिवस. तोवर तुम्ही घरी विश्रांती घ्या."

दहा दिवस. एकवीस दिवसांतले. डॉक्टरांचं खरं होतं, हेच तर नेवेनाला बोचत होतं.

"जागा जाईल माझी?"

"हजर झालात. जागा तुमची आहे."

"मग मी बाहेर थांबते."

"बाहेरून काही दिसत नाही, मुली."

"दाराला काच आहे."

डॉक्टरांनी दाराकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि त्या आत गेल्या. त्यांच्यामागे बाकीचे पाच जण गेले. दार बंद झालं.

काच तिच्यापेक्षा उंच माणसांच्या हिशेबाने बसवलेली होती. नेवेनाने तबेल्यातून दाण्याची रिकामी बादली कोपरांत धरून आणली, पालथी घातली आणि वर चढली. आत पाच वाकलेल्या पाठी दिसत होत्या, त्यांच्यामधून घोडीच्या पोटाचा ताटाएवढा तुकडा, आणि त्यावर चालणारे डॉक्टरांचे हात. ती बघत राहिली. पाठी हलल्या की तीही मान हलवून नवी फट शोधायची.

तासाभराने फरशी पुसणारा एक म्हातारा तिथे आला. त्याने बादलीभोवतालचं पुसलं आणि विचारलं, "कोण तुम्ही? घोडीच्या मालकीण का?"

"विद्यार्थिनी," नेवेना म्हणाली. काचेवरची नजर तिने हलवली नाही.