मागचं दार

माझा भाऊ कुलदीप जाऊन दोन वर्षं झाली होती. अकोल्याहून अमरावतीला जाताना, मूर्तिजापूरच्या पुढे, भर दुपारी त्याची गाडी रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रकवर आदळली. दारं लॉक झाली आणि थोड्या वेळाने गाडी पेटली. त्यानंतर आमच्या घरी चारचाकी राहिली नाही. बाबांची डाळ मिल आहे. अंगणात दोन गाड्या असायच्या, त्यातली उरलेलीही त्यांनी विकून टाकली आणि मिलवर स्कूटरने जायला लागले. आई तर रिक्षाशिवाय कशातच बसेना.

मग मला अमरावतीच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. मी भूल देणारी डॉक्टर आहे, कधी बोलावणं येईल सांगता येत नाही. चार महिने एसटीने जाऊन-येऊन केलं. एकदा बडनेऱ्याजवळ बस बंद पडली आणि फोनही बंद पडला. तीन तास उशिरा घरी पोचले तर आई-बाबा दोघं फाटकात उभे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "आचल, तुह्यासाठी गाडी घेऊ. विजेची. डिझेलची टाकीच नको."

बॅटरीही पेटते, हे मला माहीत होतं. तरी मी हो म्हटलं.

बऱ्याच गाड्या पाहून शेवटी दोन उरल्या. दोन्ही मोठ्या, लांबलचक, उंची सेडान. एक पांढरी, एक करडी. बाबांनी त्यांची माहिती महिनाभर वाचली. एकदा चार्ज केल्यावर किती किलोमीटर जाते, सीट किती मागे झुकते, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. प्रत्येक पानावर ते एकच शोधायचे, वीज गेली तर दार कसं उघडतं. ते कुठेच धड लिहिलेलं नव्हतं. शेवटी एक दिवस चष्मा काढून म्हणाले, "नबीलेच विचारू."

नबीचाचांचं अकोल्याच्या जुन्या शहरात डेंटिंगचं, गाड्यांचा चेपलेला पत्रा सरळ करायचं दुकान आहे. कुलदीपच्या अपघाताच्या दुपारी ते मोटरसायकलवरून अमरावतीहून परत येत होते. जळत्या गाडीची काच फोडून त्यांनी कुलदीपला बाहेर ओढलं होतं. त्यात त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा हाताला पट्ट्या बांधलेल्या अवस्थेत त्यांनी आईला सांगितलं होतं, "वहिनी, पोरगा जागीच गेला. त्याले काहीच समजलं नाही." आई दोन वर्षं त्या एका वाक्यावर जगत होती. येईल त्याला सांगायची, त्याला काही समजलं नाही.

आम्ही गेलो तेव्हा चाचा दुकानात एका दाराचा पत्रा ठोकत होते. वरच राहतात. त्यांच्या बायकोने, रजियाबींनी चहा आणला. बाबांनी येण्याचं कारण सांगितलं तसा चाचांनी हातोडा खाली ठेवला.

"भाऊसाहेब, मले त्या नव्या गाड्यांतलं काय समजते? मी पत्र्याचा माणूस."

"तुमी दार पाहून सांगा. बस."

"दुसऱ्या कोणाले न्या ना."

"दुसऱ्या कोणाले कायले नेऊ?" बाबा म्हणाले.

चाचांनी रजियाबींकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. "येतो," चाचा म्हणाले. ते आधी यायला नको का म्हणत होते, हे मला नंतर समजलं.

अमरावतीत तेव्हा विजेच्या गाड्यांचं तीन दिवसांचं प्रदर्शन लागलं होतं. दोन्ही गाड्या तिथे होत्या. भाड्याच्या गाडीने आम्ही चौघं गेलो. आई येईल असं वाटलं नव्हतं. सकाळी ती साडी नेसून तयार होती. "पोरगी ज्याच्यात बसणार ते मलेही पाहू द्या," एवढंच म्हणाली. अकोला ते अमरावती ती डोळे मिटून बसली. मूर्तिजापूर कधी गेलं ते मी तिला सांगितलं नाही.

करड्या गाडीला नेहमीसारखी ओढायची मूठ होती. पांढरीची मूठ दारात सपाट बसलेली, जवळ गेलं की आपोआप बाहेर यायची. आतून बटण दाबलं की दार उघडायचं. विक्रेता तिशीचा, टाय लावलेला माणूस, तिचंच कौतुक सांगत होता.

"हिची वीज तोडा," नबीचाचा म्हणाले.

"म्हणजे?"

"बॅटरी कापली जाते ना अॅक्सिडेंटमधे. तशी तोडा. मी आत बसतो."

तो हसला. बाबा हसले नाहीत. "दोन्हींतली एक आजच घेतो. हे म्हणतात तसं करा," असं म्हटल्यावर तो मॅनेजरला विचारून आला. चाचा मागच्या सीटवर बसले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. चाचा मागच्या सीटवर बसले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. गाडीचे दिवे विझले.

पहिलं मिनिट आम्ही काळ्या काचेतून त्यांना पाहत होतो. ते बटण दाबत होते, दाराच्या कडेने बोटं फिरवत होते. पुढे वाकून दुसऱ्या बाजूचं दार पाहिलं. बाबांनी बाहेरून मूठ ओढायचा प्रयत्न केला, पण ती सपाटच राहिली, नखही शिरेना.

"हाताने उघडायची सोय कुठं हाये?" बाबांनी विचारलं.

"आहे सर, असतेच," म्हणत विक्रेता पुस्तक चाळायला लागला. पुढच्या दाराचं पान सापडलं. मागच्याचं सापडेना.

तेवढ्यात आतून थाप आली. मग दुसरी. मग चाचा दोन्ही तळव्यांनी काचेवर मारायला लागले. त्यांचं तोंड उघडं होतं पण आवाज बाहेर येत नव्हता.

"जोडा! तार जोडा!" मी ओरडले.

तार जोडली तशी मूठ बाहेर आली. बाबांनी दार उघडलं. चाचा बाहेर येऊन तिथेच फरशीवर बसले. शर्ट घामाने चिकटला होता. मी नाडी पाहायला वाकले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. मग कोणाकडेच न पाहता ते बोलले.

"असाच काचेवर मारून राहिला होता तो. या अल्ला, असाच."

आईने ऐकलं. विक्रेता पाणी घेऊन आला, तिने त्याला हातानेच थांबवलं आणि चाचांसमोर खाली बसली.

"कोण मारून राहिला होता, नबीभाऊ?"

चाचांनी तोंड फिरवलं.

"तुमी तर म्हणाले जागीच गेला."

"वहिनी, जाऊ द्या."

"नाही. सांगा."

"जमुना, ऊठ," बाबा म्हणाले. "घरी चाल." आईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

चाचांनी सांगितलं. गाडी आदळल्यावर कुलदीप जिवंत होता. पुढचा भाग दबला म्हणून तो सरकत मागच्या सीटवर आला होता. दारं उघडत नव्हती. रस्त्यावर चार-पाच माणसं जमली, धूर दिसला तशी लांब गेली. चाचा दगडाने काच फोडत होते. काचेला फिल्म होती, तडे जायचे पण ती सुटत नव्हती.

"बोलला का तो?" आईने विचारलं.

"बोलला."

"काय?"

"डिक्कीत पाना हाये म्हणे, काका, त्यानं मारा. डिक्की उघडली नाही, वहिनी. लई ओढली." चाचा थांबले. "मी माणसांले म्हटलं, घरी फोन लावा कोणी याच्या. तर तो आतून म्हणे, घरी नका सांगू. आई घाबरते. मी बाहेर निघालो की मीच फोन करतो."

"किती वेळ?"

"पाच मिनिटं. सात असतील. मग आग आत आली."

आई तशीच बसून राहिली. रडली नाही. आजूबाजूला लोक गाड्यांचे फोटो काढत होते.

बाबांचा आवाज मात्र चढला. "दोन वर्षं तुमी आमच्याशी खोटं बोलले. आमच्या घरी जेवले, अन् खोटं बोलले."

"हो, भाऊसाहेब," चाचा म्हणाले.

"मंग आज कावून सांगितलं? तेच राहू द्यायचं होतं ना!"

चाचा उठले आणि बाहेर चालायला लागले. मी मागे गेले. "बेटा, मी बसने जातो," म्हणाले. जाताना एवढं सांगितलं, "करडी घ्या. तिचं दार हातानं उघडते."

बाबांनी त्याच दिवशी करडी घेतली. सह्या करताना ते चुकले, मॅनेजरने दोनदा नवा कागद आणला.

गाडी पंधरा दिवसांनी घरी आली. मी ती रोज चालवते. बाबा तिच्यात अजून बसलेले नाहीत. आई बसते. दर शुक्रवारी, माझी सुट्टी असते तेव्हा, मला जुन्या शहरात न्यायला सांगते. गल्ली अरुंद आहे म्हणून मी गाडी अलीकडेच लावते आणि आम्ही दोघी चालत चाचांकडे जातो. पहिले काही शुक्रवार ती विचारत राहिली. शर्ट कोणता होता, रक्त होतं का, रडला का. चाचा आठवून आठवून सांगत. एके दिवशी रजियाबी जिन्यात येऊन मला म्हणाल्या, "बेटी, अम्मीले समजाव. हे रात्रभर झोपत नाहीत." मी आईला सांगितलं. तिने विचारणं बंद केलं, जाणं बंद केलं नाही. आता दोघं दुकानात नुसती बसतात.

बाबा आम्हाला कधी विचारत नाहीत, कुठे गेल्या होत्या म्हणून. एका रविवारी जेवताना अचानक म्हणाले, "आणखी काय सांगितलं नबीनं?"

"तुमीच जा ना विचाराले," आई म्हणाली.

पोळा झाल्यावर एका सकाळी बाबा स्कूटर काढून चाचांकडे गेले. दुपारी परत आले, पाय धुतले, पलंगावर बसले. आई दारात उभी होती.

"भेटले?"

"भेटला."

"मंग?"

"मले काही विचारताच नाही आलं, जमुना," बाबा म्हणाले. "त्यानं खुर्ची दिली. मी बसलो अन् उठून आलो."

आईने त्यांच्यासमोर ताट ठेवलं. त्यांनी दोन घास खाल्ले आणि ते बाजूला सारलं.