सपाट दगडावरची राखण

मी एक जुनी काचेची टाकी आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने पक्की संशयी आहे. त्याला कारण आहे. माझ्या पहिल्या मालकाने सिक्लिड जातीचा बोटाएवढा मासा आणला होता. वर्षभरात तो चपलेएवढा झाला, बाकीच्यांना फस्त करून बसला आणि शिवाय एक दगड ढकलत ढकलत त्याने माझी काच तडकवली. मालकाने काच बदलून मला विकून टाकलं. तेव्हापासून सिक्लिड हा शब्द ऐकला की मी आधी आतले मासे मोजते. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, हे उगाच म्हणत नाहीत.

मग मी दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात आले. बाहेरच्या खोलीत, खुर्च्यांच्या समोर माझी जागा होती. गालावर हात ठेवून बसलेली माणसं माझ्याकडे बघता बघता ठणकणारी दाढ विसरायची. माझ्यात निळ्या रेघेच्या चिमुकल्या निऑन माशांचा थवा होता आणि एक रुपेरी एंजल मासा होता. एंजल म्हणजे दवाखान्याची शान. पडद्यासारखे पंख हलवत तो इतका संथ फिरायचा, की त्याच्यावर संशय घ्यायची लाजच वाटावी.

औजारं उकळण्यापासून नंबर पुकारण्यापर्यंत सगळं बघणाऱ्या मावशींनी एक दिवस रंगीत रॅम माशांची जोडी आणली.

"सिक्लिडच आहेत, पण गरीब," मावशी म्हणाल्या. "बोटाच्या वर वाढत नाहीत. टाकी केवढी, आत कोण कोण आहे, सगळं दुकानदाराला सांगून आणलेत."

"बघा हं मावशी, ही जात मारकुटी असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझंही मत तेच होतं.

जोडीने तळाचा सपाट दगड धरला, तोंडाने घासून लख्ख केला आणि त्यावर अंडी घातली. मादी अंड्यांना पंखांनी वारा घालायची आणि जवळ कुणी फिरकलं की नर अंगावर धावून जायचा. आणि त्याच आठवड्यात निऑन कमी व्हायला लागले. सकाळी दिवा लागला की एखादा गायब असायचा. अंधारात मलाही दिसत नाही, पण मी मनात म्हटलं, आले आपल्या वळणावर.

"मावशी, तुमच्या जोडीने माझे निऑन खाल्ले. ती परत करून या."

"अंडी आहेत हो त्यांची, ताई. आणि एवढंसं तोंड, त्यात निऑन जाईल तरी कसा?"

"मग काय पाण्यात विरघळले?"

दवाखाना उघडला त्या दिवसापासून मावशी इथे होत्या, आणि त्यांच्या शब्दावर असा संशय कुणी घेतला नव्हता. त्यांनी जोडीला जाळीने धरून बादलीत काढलं आणि डोळे पुसत आत गेल्या.

राखण उठली तशी एंजल शांतपणे खाली आला. एकेक अंडं गिळत त्याने दगड साफ केला. मी सगळं बघत होते, पण काचेला तोंड कुठलं? मग तो निऑनच्या थव्याकडे वळला. समोर एक आजी बसल्या होत्या, तोंड सुईने बधीर झालेलं. त्यांना बोलता येईना. त्यांनी आत जाऊन डॉक्टरीणबाईंची बाही धरली, ओढत बाहेर आणलं आणि बोट दाखवलं. एंजलच्या तोंडातून निऑनची निळी शेपटी बाहेर लोंबत होती.

डॉक्टरीणबाईंनी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "अहो, एंजलपण सिक्लिडच की. लहान असताना नेला होता तुम्ही. आता वाढला, तोंडही वाढलं."

"मावशी, चुकलं माझं," म्हणत डॉक्टरीणबाईंनी स्वतः बाह्या सावरून जोडीला माझ्यात सोडलं. एंजलची रवानगी दुकानातल्या मोठ्या टाकीत झाली. जोडी सरळ दगडाकडे गेली. तिथे काहीच नव्हतं. तरी नर भोवती फिरत राहिला आणि मादी त्या रिकाम्या दगडाला पंखांनी वारा घालत राहिली. मावशी समोरच्या खुर्चीत बसून होत्या. पुढचा नंबर कुणीच पुकारला नाही.

मित्रांनो, मासा निवडताना त्याच्या नावाला भिऊ नका आणि रूपाला भुलू नका. पुरता वाढल्यावर तो केवढा होईल ते आधी विचारा, आणि तुमचा सगळ्यात लहान मासा त्याच्या तोंडात मावेल का ते बघा. संशय घ्या, जरूर घ्या, पण तो सगळ्यांवर सारखा घ्या. मी तो नव्या पाहुण्यांवरच खर्च केला.

तो दगड अजून माझ्यात आहे. सकाळी दिवा लावला की डॉक्टरीणबाई आधी त्याच्याकडे बघतात.