पंचवीस मिलिमीटरची काच

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मिनोवा सेइजींनी दुर्बिणीचा आरसा स्टँडवर उभा केला आणि आरशाची वक्रता तपासायच्या धारदार पात्याआडून डोळा लावला. कडेची सावली कालच्याहून जास्त झुकली होती. तीन आठवडे ते कडेचा तो दोष पॉलिश करून काढत होते.

"काय म्हणतोय?" स्टोव्हपाशी हात शेकत त्यांचे जुने मित्र नेझूंनी विचारलं.

"कड पडलीय, खाली झुकलीय."

"माझ्यासारखीच."

मिनोवा हसले नाहीत.

इना खोऱ्यातल्या हौशी आकाशनिरीक्षकांसाठी त्यांनी एकेचाळीस आरसे घासले होते. हा बेचाळिसावा, नेझूंसाठी. जुनी दुर्बीण त्यांना उचलवत नव्हती. म्हणून लोखंडी नळीऐवजी प्लायवुडचा सांगाडा आणि नेहमीच्या जाड, उष्णतेला दाद न देणाऱ्या काचेऐवजी पंचवीस मिलिमीटरची साधी काच. वजनाला हलकी, पण जरा ऊब लागली की फुगणारी. नेझूंचा उजवा डोळा गेलाच होता. डावा नव्या वर्षापर्यंत टिकेल, असं डॉक्टर म्हणाले होते. नोव्हेंबर निम्मा सरला होता.

"साध्या काचेचा हट्ट माझा," मिनोवा म्हणाले.

"काचेला कशाला नावं ठेवतोस? भट्टी पेटवून आरसा बघतोयस. वहिनी तर स्टोव्ह विझवायच्या."

"कोण?"

"चिझुकोवहिनी! तू आरसा बघणार त्या दिवशी आलो, की इथं कोट घालून विणत बसलेल्या असायच्या. म्हणायच्या, पहाटेच विझवलाय. तुला माहीत नाही?"

"मला वाटायचं, तिला रॉकेलचा वास सोसत नाही."

"धन्य आहेस, बाबा."

चिझुकोंना जाऊन एकोणपन्नास दिवस झाले होते. कालच एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीसाठी भिक्षू येऊन सूत्रं म्हणून गेले होते. मिनोवांनी स्टोव्हकडे पाहिलं, मग आरशाकडे. जी चूक स्टोव्हच्या उबेची होती, काचेत नव्हतीच, ती ते तीन आठवडे दुरुस्त करत होते. त्यात खरी काच किती झिजली, ते काच निवल्याशिवाय कळणार नव्हतं.

त्यांनी स्टोव्ह बंद केला, खिडकी उघडली.

"किती वेळ?"

"तीन तास."

"चहा तरी?"

"गॅस पेटवावा लागेल."

"मग राहू दे."

नेझूंनी खुंटीवरचा बायकांचा तपकिरी कोट काढून गुडघ्यांवर घेतला. "चालेल ना?"

"चालेल."

दीड वाजता खोलीत नऊ अंश होते. तीन तास होऊन गेले होते. मिनोवांनी अजून पात्याआडून पाहिलं नव्हतं.