मी कचऱ्यात टाकण्याजोगा नव्हतो

मित्रांनो, मी सिलिकॉनचं, अंगठ्याएवढं एक साधन आहे. माझं काम ऐकून लोक तोंडावर हात ठेवून हसतात. का हसतात? सुंता झालेल्या पुरुषाला पुढची कातडी पुन्हा वाढवायची असेल, तर मी शस्त्रक्रियेवाचून त्याला मदत करतो. यात हसण्यासारखं काय आहे?

माझा मालक निशांत इंदूरला स्नेहलतागंजमध्ये राहतो. तो सात वर्षांचा असताना किरकोळ तक्रारीवरून एका डॉक्टरने त्याची सुंता केली. मलमानेही भागलं असतं, हे त्याला मोठेपणी कळलं. कपड्यांचं घासणं, कोरडेपणा, सगळं त्याने मुकाट सोसलं. छत्तिसाव्या वर्षी त्याने मला मागवलं.

मी जादू करत नाही. उरलेली कातडी माझ्या शंकूवर ओढून घ्यायची, वरून टोपी बसवायची आणि पट्टीने हलका ताण द्यायचा. रोज काही तास असा ताण मिळाला की कातडीत हळूहळू नव्या पेशी तयार होतात. त्याला वर्षं लागतात. कापलेले मज्जातंतू तर मी परत आणूच शकत नाही. तरी ठग लोक ‘तीस दिवसांत गॅरंटी’ म्हणून माझ्या नावावर वाटेल ते विकतात!

एकदा निशांतनेही घाईने पट्टी आवळली. कातडी सुजली. डॉक्टर भानुमतींनी त्याला झापलं, “दुखलं, बधिर झालं, रंग बदलला, की लगेच काढायचं!” तीन आठवडे मी कपाटात होतो.

दोन वर्षांनी फरक दिसू लागला, आणि एका रविवारी त्याच्या वडिलांनी, अरविंदरावांनी, मला बाथरूमच्या खिडकीत वाळताना पाहिलं. निशांतकडून मी काय आहे ते कळताच त्यांनी मला चिमटीत धरून कचऱ्याच्या डब्यात, चहाच्या चोथ्यावर फेकलं.

“इस उमर में हे काय फालतू शौक? लोक हसतील!”

“शौक नाही, बाबा. तेव्हा मला विचारलं होतं कोणी?”

“डॉक्टर बोलले, मी सही केली. तू लहान होतास.”

“आता नाहीये ना!” निशांतचा आवाज फाटला. “रोज त्रास होतो मला, बाबा. रोज.”

अरविंदरावांनी वाकून मला डब्यातून काढलं आणि साबणाने धुतलं. “पुसून ठेवू,” त्यांनी हळूच विचारलं, “की असंच वाळू द्यायचं?”

त्यांनी विचारलं खरं, पण एकतीस वर्षं उशिरा. माझा राग अजून गेलेला नाही. मित्रांनो, शरीर ज्याचं आहे, त्याला आधी विचारा.